वहबाच्या शर्टाची पिशवी

रिफ्काने ते कपडे स्वतःच्या हाताने उकळले. हे आधीच सांगून टाकते, कारण नंतर वस्तीत काही जणींनी माझं नाव घेतलं. मी फक्त कापते. रिफ्काच्या खोलीत मांडी घालून बसायचं, ती पुढ्यात टाकेल त्या कापडाचे चौकोन कापायचे, दुपारी तिच्याकडचा काळा गोड चहा प्यायचा आणि अंधार पडायच्या आत घरी. अकरा वर्षं झाली. पातेल्याला ती मला हात लावू देत नाही.

ते पातेलं म्हणजे तिचा सगळा धंदा. शहराचा कचरा आमच्या दारात येतो. पुरुष पहाटे गाड्या घेऊन जातात, इमारतींचे जिने चढून घरोघरचा कचरा आणतात आणि आम्ही बायका तळमजल्यावर तो निवडतो. कुणाकडे प्लॅस्टिक, कुणाकडे पत्रा, कुणाकडे कागद. रिफ्काने लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी सासूला सांगितलं, "मला कापड वेगळं काढू द्या." हॉटेलांचे पडदे, सोफ्यांची कव्हरं, फाटके झगे, गळपट्टे, शिवणकारखान्यातल्या कातरणी. सासू म्हणाली, "चिंध्यांची राणी हो." झाली. पायाचं मशीन घेतलं, फेकलेल्या पँटींच्या चेन उसवून ठेवल्या, बटणं बरण्यांत भरली आणि ठिगळांच्या पिशव्या शिवायला लागली.

पहिल्या वर्षी चर्चच्या अंगणातल्या जत्रेत तिने वीस पिशव्या मांडल्या होत्या. नदीपलीकडची एक बाई आली. तिने एक पिशवी उचलली, रंगांचं कौतुक केलं, मग ती नाकाशी नेली. लगेच खाली ठेवली आणि रुमालाने बोटं पुसली. वीसच्या वीस पिशव्या रिफ्काने परत आणल्या, उसवल्या, सोडा घालून उकळल्या आणि पुन्हा शिवल्या. तेव्हापासून नियम झाला. दारातून आत आलेलं कापड आधी पातेल्यात, मग गच्चीवर उन्हात, मग पुन्हा पातेल्यात. नवं कोरं दिसणारं कापड असलं तरी. खुद्द अबूनांनी, म्हणजे आमच्या धर्मगुरूंनी, वेदीचा जुना पडदा आणून दिला, तोही तिने उकळला. अबूना हसले. ती हसली नाही. शिवून झालेली प्रत्येक पिशवी ती डोळे मिटून शिवणीशिवणीला हुंगते. कुठे जरा शंका आली की पुन्हा पाण्यात. तिच्या हातांची कातडी त्या सोड्याने मनगटापर्यंत सोलवटलेली असते. मनगटावरचा गोंदलेला क्रूसही फिका पडला आहे.

वहबाची आई आली तो गुरुवार होता. वहबा तिचा थोरला, चोवीस वर्षांचा. रिफ्काचा नवरा नसीम आणि वहबा एकाच गाडीवर काम करायचे. उतारावर दोर सुटला आणि वहबा गोण्यांवरून खाली पडला तो गेलाच. रविवारी त्याचा चाळिसावा दिवस होता, सकाळी चर्चमध्ये प्रार्थना आणि मग घरी जेवण.

ती दारात उभी राहिली, आत आली नाही. ओढणीखालून एक प्लॅस्टिकची पिशवी काढली. दोन-दोन गाठी मारलेल्या.

"रिफ्का, एक काम होतं. मेहनतीचे पैसे घे."

"आधी बस तरी. पैशांचं काय बोलतेस?"

"बसत नाही. यात त्याचे कपडे आहेत. निळा शर्ट, गंजी, पँट. माझ्या बहिणींपासून लपवून ठेवले होते. त्यांनी तिसऱ्या दिवशी सगळं धुऊन वाटून टाकलं, गादीसुद्धा दिली." तिने तळहात पुढे केला. "मला एवढीशी पिशवी करून दे. गळ्यात घालता येईल, कपड्याच्या आत राहील अशी. वर चेन लाव. घट्ट बसणारी."

"पितळी लावते. जन्मात निघणार नाही."

"आणि शर्टाची कॉलर घे. कॉलर आणि बगलेचा भाग. उरलेलं रविवारी त्याचे बाबा कुणाला तरी देऊन टाकणार. ते म्हणतात, धरून ठेवलं की पोराचा जीव अडकतो."

"कॉलर विरलेली असते गं. पाठीचं कापड घेते, टिकेल."

"नको. कॉलरच."

ती गेल्यावर रिफ्का मला म्हणाली, "दुःखात माणसाला काही कळत नाही. विरलेल्या भागाची पिशवी किती दिवस टिकणार? आतून मी पिठाच्या गोणीचं अस्तर लावीन." तिने खरोखर पिठाची गोणी काढली, सगळ्यात मऊ होती ती. वहबा तिच्याही घरात जेवलेला पोरगा होता. हे काम तिला जिवापाड चांगलं करायचं होतं.

शुक्रवारी सकाळी गाठी सुटेनात, म्हणून तिने दातांनी सोडवल्या. मी समोर बसले होते. खोलीत काही दरवळलं का? मला आठवत नाही. वास राहू नये एवढ्यासाठीच आमची नाकं तयार झालेली. तिने कपडे झटकले, खिशात हात घातला, सिगरेटचं एक थोटूक निघालं ते कोपऱ्यात टाकलं आणि तिन्ही कपडे उकळत्या पाण्यात सोडले. लाकडी दांड्याने खाली दाबले. दोनदा. नेहमीसारखे.

दुपारी वहबाची आई पुन्हा आली. या वेळी आत आली, मशीनपाशी उभी राहिली. आवाज अगदी खाली आणून म्हणाली, "सांगायचं राहिलं. पिशवी शिवेपर्यंत ते उघडं ठेवू नकोस हं. वारा लागतो. पहिल्या दिवशी मी गाठ सोडली तेव्हा सगळी खोली वहबाची झाली होती. आता नाक अगदी आत घालावं लागतं. रोज एकदाच सोडते. काल नाही सोडली, म्हटलं, तेवढंच वाचेल."

शर्ट त्या वेळी गच्चीवर दोरीला होता, कबुतरांच्या खुराड्याशेजारी. रिफ्काने दोन्ही हात पाठीमागे नेले. सोड्याने पांढरे पडले होते.

"हो," ती म्हणाली. "झाकून ठेवलंय."

वहबाच्या आईने तिच्या गालाचा मुका घेतला आणि गेली.

रिफ्काने दार लावून घेतलं. मग मला म्हणाली, "ईरिनी, मी काय केलं?"

मी म्हटलं, "तिने सांगायला नको का, धुवू नकोस म्हणून?"

"तिने कशाला सांगायचं? हे काय सांगायचं असतं?" ती माझ्या अंगावरच आली. "आणि मला कळायला नको? कॉलर मागत होती ती. कॉलर!"

तिने कोपऱ्यातलं थोटूक शोधायला घेतलं. केरात गेलं होतं. केर तळमजल्यावर गेला होता. तळमजल्यावर चार घरांचा कचरा होता. ती खाली जाऊन गुडघ्यांवर बसली आणि थोटकं वेचायला लागली. शेदोनशे असतील. मी तिला दंडाला धरून वर आणलं.

संध्याकाळी नसीम आला. तो जेवायला बसतो न बसतो तोच तिने विचारलं.

"गाडीत त्याचं काही आहे का? टॉवेल, टोपी, काहीही."

"टोपी त्याच दिवशी टाकली, रक्त होतं. टॉवेलने मी काच पुसतो. का?"

तिने सांगितलं. नसीमने भाकरीचा तुकडा मोडला, बाकल्याच्या उसळीत बुडवला, खाल्ला. तो विचार करताना चावतो.

"सोपं आहे," तो म्हणाला. "उद्या मी घालतो तो शर्ट."

"काय?"

"तो आणि मी एकाच गाडीवर. तेच जिने, तोच कचरा, तीच सिगरेट, एकाच ताटातलं जेवण. घामावर कुणाचं नाव लिहिलेलं असतं का? दिवसभर घालतो, संध्याकाळी कॉलर काप, शिव, चेन ओढ. बाईला काय कळणार?"

"तुला लाज नाही वाटत?"

"वाटते की. पण तिला काय देणार आहेस तू? सोड्याचा वास?"

रिफ्काने त्याच्या पुढची थाळी उचलली आणि आत नेली. "जेव आता हवा खाऊन," ती म्हणाली. नसीम मला म्हणाला, "बघ, ईरिनी. उपाय सांगितला की उपाशी ठेवतात." मी हसले नाही. तोही हसला नाही.

पण शनिवारी पहाटे शर्ट त्याच्या उशाशी घडी घालून ठेवलेला होता. हे मला नसीमनेच नंतर सांगितलं. ती पाठमोरी चहा करत होती. वळून न बघता म्हणाली, "पोट आत घे, बटणं तुटतील."

तो दिवस रिफ्काने कसा काढला ते मी पाहिलं. मशीनवर बसली, पण टाके पडले नाहीत. पितळी चेन निवडली, परत ठेवली, दुसरी निवडली. मला म्हणाली, "तुझा मुलगा पाच वर्षांचा असताना त्याच्या डोक्याला कसला वास यायचा, आठवतो?" मी म्हटलं, "उन्हाचा. आणि तेलाचा." ती म्हणाली, "माझ्या थोरलीच्या मानेला दुधाचा यायचा, दहा वर्षांची होईपर्यंत." मग म्हणाली, "पण चोवीस वर्षांच्या पोराचा सारखाच असेल ना सगळ्यांचा? कष्टाच्या पोरांचा?" मी "असेल" म्हटलं. मला तिला तेवढंच देता येत होतं.

नसीम चार वाजता आला. शर्ट काखेत काळा झाला होता, पाठीला चिकटला होता. एका खांद्यावर शिवण उसवली होती. त्याने तो काढून तिच्या हातात दिला आणि उघडा उभा राहिला. तिने कॉलर नाकाशी नेली, डोळे मिटले. पिशव्या हुंगते तशीच.

मी तिच्या तोंडाकडे बघत होते. ते हळूहळू उतरत गेलं.

"हा तू आहेस," ती म्हणाली.

"थोडा असणारच."

"थोडा नाही. सगळा तूच. मी आंधळी झाले तरी सांगेन." तिने शर्ट मांडीवर टाकला. "वीस वर्षं तुझ्या शेजारी झोपते, मला कळतं. तिने तर त्याला पोटातून काढलाय."

नसीमने घोंगडी ओढून अंगाभोवती घेतली आणि भिंतीकडे तोंड करून बसला.

शर्ट पुन्हा पाण्यात घालायला तिचा हात धजेना. तसाच घडी केला, त्यावर गंजी आणि पँट ठेवली. "चल," मला म्हणाली. "एकटीने जमणार नाही."

वहबाच्या आईकडे उद्याच्या जेवणासाठी मसूर निवडणं चाललं होतं. बहिणी बाहेरच्या खोलीत सुतकातली बिनसाखरेची कॉफी पीत होत्या. रिफ्काने तिला आतल्या खोलीत बोलावलं. दार लावलं आणि उभ्यानेच सांगितलं. सगळं. शुक्रवारी सकाळी उकळले, दुपारी खोटं बोलले, आज शर्ट नवऱ्याला घातला. एका दमात, जसं कुणी पाढे म्हणावेत.

वहबाच्या आईला ते पटकन कळलंच नाही. तिने शर्ट घेतला, उलगडला आणि तोंड त्यात खुपसलं. मग बाहेर काढलं.

"यात कोण आहे?"

"नसीम."

तिने गंजी हुंगली. पँट हुंगली, आधी कमरेपाशी, मग गुडघ्यांपाशी, मग खिसा बाहेर काढून खिसा हुंगला. सोडाच होता सगळीकडे. स्वच्छ. रिफ्काइतकं स्वच्छ आमच्या वस्तीत कुणी धूत नाही.

मला वाटलं आता किंचाळेल, रिफ्काचे केस धरेल. रिफ्का त्याचसाठी उभी होती, खरं तर तिला तेच हवं होतं. वहबाच्या आईने कपडे बाजूला ठेवले आणि विचारलं,

"पाणी कुठे टाकलंस?"

"काय?"

"उकळलेलं पाणी. कुठे ओतलंस?"

रिफ्काने माझ्याकडे पाहिलं. "गल्लीत," ती म्हणाली. "धूळ बसावी म्हणून. बोकडांच्या गोठ्याच्या कोपऱ्यावर."

"दाखव."

बहिणी "अगं कुठे निघालीस, पाहुणे यायचेत" म्हणून उठल्या. ती अनवाणीच जिना उतरली. आम्ही दोघी मागे. गल्लीत गाड्या परतत होत्या, माणसं गोण्या उतरवत होती, तिला बघून थांबत होती. कोपऱ्यावर बाटल्यांनी भरलेल्या गोण्यांची रास लागलेली होती, माणसाच्या उंचीची.

"इथे?"

"इथेच. यांच्या खाली."

वहबाच्या आईने पहिली गोणी ओढली. रिकाम्या बाटल्यांची असली तरी एकट्या बाईला न ओढवणारी. रिफ्काने दुसरं टोक धरलं. वहबाची आई म्हणाली, "तू सोड." रिफ्काने सोडली नाही. दोघी एकच गोणी दोन बाजूंनी ओढत राहिल्या, मग ती हलली. मी पुढची धरली. ज्याच्या गोण्या होत्या तो माणूस ओरडत आला, तिला ओळखलं आणि गप्प झाला.

खाली जमीन काळी होती. ओल होती थोडी, ऊन लागलं नव्हतं म्हणून. कशाची ओल ते कोण सांगणार, त्या कोपऱ्यावर सगळ्याच घरांचं पाणी पडतं. वहबाची आई खाली बसली. हात जमिनीवर सपाट ठेवला, दाबला. मग उचलून नाकाशी नेला.

आम्ही दोघी उभ्या होतो. रिफ्का ओठ हलवत होती, देवाचं नाव घेत असेल.

वहबाच्या आईने हात पुन्हा जमिनीवर ठेवला, थोडा पलीकडे. पुन्हा उचलला. मग आणखी पलीकडे. अशी ती बसल्या बसल्या सरकत राहिली, हातभर, हातभर, गोठ्याच्या भिंतीपर्यंत.