दहावी सूचना

कुणाच्याही घरी गेले की डायोडकाका चहाच्या आधी विचारायचे, "दक्षिण कुठल्या अंगाला?" बारशाला गेले तरी हेच, सांत्वनाला गेले तरी हेच. दिशा कळली की पत्र्याकडे, गच्चीकडे, शेजारच्या झाडाच्या सावलीकडे बघून घ्यायचे आणि मगच पाण्याचा तांब्या हातात घ्यायचे. मुलांनो, मागच्या दसऱ्याला तुम्ही फोनवर विचारलंत, की गुडघे दुखत असताना आजी एक फूल घेऊन गच्चीवर का चढते. त्याचं उत्तर या माणसापासून सुरू होतं, म्हणून कागदावर लिहिते आहे.

अंबरनाथला आमच्या घरामागे कामगारांची बैठी चाळ होती. तिच्या शेवटच्या खोलीत काका एकटे राहायचे. औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात ते फिटर होते. नव्वद सालानंतर कारखाना बंद पडला. त्यांच्याबरोबरच्या कुणी रिक्षा घेतली, कुणी गावी गेलं. काका रेडिओ दुरुस्त करत बसले. डायोड म्हणजे वीज एकाच दिशेने जाऊ देणारा मिरीएवढा तुकडा. काका म्हणायचे, "दिवसभर उन्हाने बॅटरीत भरलेलं रात्री त्याच वाटेने परत जाऊ नये, म्हणून दाराशी हा भालदार." दिसेल त्याला ते हे समजावून सांगत, म्हणून मुलांनी ते नाव ठेवलं.

त्यांना एकच बहीण होती, यमुताई. बदलापूरच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी एका वाडीत ती एका म्हशीबरोबर राहायची. वाडीत वीज नव्हती. घरात चिमणी जळायची. चिमणी म्हणजे तुमच्या पुस्तकातला पक्षी नव्हे. बाटलीच्या झाकणाला भोक पाडून, त्यात वात ओवून केलेला रॉकेलचा दिवा. यमुताईच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता आणि एकदा हात लागून चिमणी कलंडली होती. डावा हात कोपरापर्यंत भाजला. काका तिला न्यायला गेले, तर ती म्हणाली, "तुझ्या चाळीत म्हशीला कुठं बांधू? तुझ्या खाटेला?" डोळ्यांच्या ऑपरेशनलाही ती तयार नव्हती. त्या दिवसापासून काकांनी एकच गोष्ट मनाशी धरली. तिच्या घरातून चिमणी बाहेर काढायची, आणि यमुताईचा हात पुन्हा चिमणीला लागायच्या आत काढायची.

उल्हासनगरच्या बाजारात सगळं मिळतं असं ते म्हणत. एकदा मी पडद्याचं कापड घ्यायला गेले होते, तेव्हा मला त्यांनी त्यांच्या नेहमीच्या दुकानात ओढून नेलं. मालक सिंधी होता. काकांनी पिवळे एलईडी मागितले. पांढरे तेव्हा दुकानात नव्हतेच. हे टेपरेकॉर्डरवर लुकलुकायचे तेवढेच.

"अरे काका, ये इंडिकेटर है. इससे घर में उजाला करोगे? जुगनू पाल लो, सस्ता पड़ेगा."

"साईं, जुगनू बटन दबाके बंद नहीं होता," काका म्हणाले, आणि एकेक एलईडी दुकानातल्या सेलवर लावून, पेटवून बघू लागले. गंमत चालली होती, पण त्यांना घाई होती. पावसाळा तोंडावर आला होता.

सोलर सेल त्यांना फुटक्या मालातले मिळाले, निळ्या कौलाच्या कपच्यांसारखे. माझ्या स्वयंपाकघराच्या पायरीवर बसून ते मला सांगत, "बाई, तुकडा लहान असो की मोठा, जोर तेवढाच देतो, अर्धा व्होल्ट. लहान तुकडा दमतो लवकर, एवढंच." कपच्या एकामागे एक सोल्डरचा डाग देऊन जोडायच्या, दोन काचांमध्ये बसवायच्या, कडा खिडकीच्या काचेला लावतात त्या लांबीने, म्हणजे पुट्टीने, बंद करायच्या, की झालं पॅनल. मोटारसायकलची जुनी सहा व्होल्टची बॅटरी. दोन-दोन एलईडींच्या जोड्या, प्रत्येक जोडीला वीज आवरून धरणारा एक रेझिस्टर. मी शाळेत इंग्रजी शिकवायचे, म्हणून बॅटरीची आणि सेलची इंग्रजी माहितीपत्रकं माझ्याकडे यायची. मी त्यांचं मराठी करून वहीत लिहायचे.

पहिल्या पॅनलमध्ये पाणी शिरलं. दुसऱ्यात उन्हाने काच तडकली. तिसऱ्याच्या वेळी, सगळ्या जगाला शिकवणाऱ्या या माणसाने स्वतःच डायोड उलटा जोडला आणि दोन दिवस बॅटरी का भरत नाही म्हणून कपाळ धरून बसला. तुमचे आजोबा म्हणाले, "काका, तुमचा दिवा शोधायला आधी कंदील लावावा लागेल." काका हसले नाहीत. म्हणाले, "साहेब, तिथे ती रोज काडी ओढते. प्रत्येक संध्याकाळी मला इथे काडीचा वास येतो."

अखेर श्रावणात दिवा लागला. मीही त्यांच्याबरोबर वाडीवर गेले होते. पॅनल कौलांवर दक्षिणेकडे, दिवसभराच्या उन्हाकडे, तोंड करून तारेने बांधलं. संध्याकाळी बटण दाबलं आणि चुलीच्या वर हळदीच्या रंगाचा उजेड पडला. खरं सांगते, अगदी बेताचा होता. यमुताई त्याच्याखाली हात धरून उभी राहिली. "तांदळातला खडा नाय दिसत रं भाऊ," ती म्हणाली, "पन उंबरा दिसतो, आनि साप आला तं साप दिसंल. बास झाला." काकांनी चिमणी फोडायला उचलली. तिने ती हिसकावून घेतली. "असू दे माळ्यावर. घरातली वस्तू फोडत्यात का?"

मी निघण्यापूर्वी तिला नऊ सूचना वाचून दाखवल्या. तुम्हाला माझी सवय माहीत आहे. सगळ्या आकडे घालून, समास सोडून लिहिलेल्या होत्या. पॅनल ओल्या फडक्याने पुसावे. त्यावर मिरच्या वाळत घालू नयेत. दिवा दोन तासांहून अधिक लावू नये. तिला वाचता येत नव्हतं, पण दोनदा ऐकून तिने सगळ्या पाठ म्हणून दाखवल्या. नऊच्या नऊ.

आता काकांची एक सवय सांगायची राहिली, आणि तीच मला सांगवत नाही. कारखाना बंद झाला तरी ते खंडेनवमीला आपली सगळी हत्यारं धुऊन, पुसून, पाटावर मांडायचे. पान्हे, पकड, सोल्डरगन, मीटर. हळद-कुंकू, झेंडूचं फूल. दसरा उलटेपर्यंत कशालाही हात लावायचे नाहीत. म्हणायचे, "हत्याराला वर्षातून एकदा विसावा द्यावा. मान दिला की ते हाताला दगा देत नाही." पॅनल बसवताना त्यांनी यमुताईला हेच सांगितलं होतं, माझ्यासमोर. "हे खेळणं नाही आक्का, हत्यार आहे. विळ्या-कोयत्यासारखा मान ठेव."

तिने ठेवला. खंडेनवमीच्या सकाळी तिने शेजाऱ्याला कौलांवर चढवून पॅनल खाली उतरवलं, धुतलं, देवाजवळ विळ्या-कोयत्याशेजारी मांडलं, काचेवर हळद-कुंकू वाहिलं. बॅटरी जुनी, एक दिवस ऊन नाही मिळालं की तिचा जीव जायचा. दसऱ्याच्या संध्याकाळी दिवा मंद होत होत विझला. यमुताईने माळ्यावरून चिमणी काढली. रॉकेल ओतताना किती ओतलं ते त्या डोळ्यांना दिसलं नसावं. पदर पेटला.

उल्हासनगरच्या एका दवाखान्यात ती चार दिवस होती. काका खाटेच्या लोखंडी दांडीला धरून उभे असायचे. बसा म्हटलं तरी बसायचे नाहीत. तिसऱ्या दिवशी ती बोलली. "तुझा दिवा चांगला होता रं भाऊ. मीच त्याला विसावा दिला. तूच बोल्ला व्हतास ना." तिला वाटलं, ती त्यांची समजूत घालते आहे. काकांचा चेहरा मी पाहिला. तो मी तुम्हाला वर्णन करून सांगणार नाही.

तेराव्यानंतर ते माझ्याकडे आले. पायरीवर बसले, पण दक्षिण विचारली नाही. मीच बोलले. म्हटलं, "काका, चूक माझीही आहे. नऊ सूचना लिहिल्या, त्यात ही नव्हती. मला सुचायला हवं होतं." ते म्हणाले, "बाई, तुम्ही पुस्तकातलं लिहिलंत. आमच्या घरातलं मला ठाऊक होतं. आता दहावी लिहा." मी वही आणली. त्यांनी सांगितलं तसं लिहिलं: 'दसऱ्याला पॅनल खाली काढू नये. पूजा छपरावर करावी.' शेवटच्या शब्दावर माझी शाई फुटली. तो कागद तसाच नेला त्यांनी.

आठवड्याने चाळीतली खोली सोडून ते यमुताईच्या घरात राहायला गेले. म्हशीला कुणीतरी हवं, एवढंच कारण सांगितलं. तिथून वरच्या वाड्यांवर त्यांनी आणखी दिवे बसवले. प्रत्येक पॅनलच्या मागे पांढऱ्या ऑइलपेंटने फक्त दहावी सूचना लिहिलेली असायची. पहिल्या नऊ नाहीत. पण दिव्याचं कौतुक कुणी केलं की ते उठून बाहेर जायचे, असं मला त्या बाजूने येणाऱ्या भाजीवालीने सांगितलं. आपली हत्यारं त्यांनी पुन्हा कधी पाटावर मांडली नाहीत. दोन-तीन वर्षांनी त्याच घरात ते गेले. मला आठ दिवसांनी कळलं.

माझ्या गच्चीवर आता मोठं, विकतचं पॅनल आहे. दिवे पांढरेशुभ्र लागतात, तांदळातला खडाही दिसतो. दसऱ्याला मी वर जाते, काच पुसते आणि झेंडूचं फूल ठेवते. काचेवर नाही, कडेला. काचेवर ठेवलं तर सावली पडते.