शनिवारचा नासका नारळ

या सदरातले अनुभव मी आजवर भाषेसाठी वाचत आले. हलणारे पडदे, पैंजणांचे आवाज… हे सारे मला अपुऱ्या झोपेचे खेळ वाटत, आणि खरे सांगायचे तर अजूनही वाटतात. कवितेत वाढले, पोटासाठी सुरक्षा अधिकारी झाले. दोन्हीकडे शिकवण एकच मिळाली – समोर आहे ते नीट पाहावे. तेव्हा जे पाहिले, किंवा हुंगले म्हणू या, तेवढेच लिहिते.

पाचोऱ्याबाहेर एक जिनिंग मिल आहे; तिथली सुरक्षा माझ्याकडे होती. तिचे नाव देत नाही. कापूस आत येतो. रुई एका वाटेने जाते, सरकी दुसऱ्या. सरकी पुढे ढकलण्यासाठी जमिनीतल्या नालीत एक लांबलचक लोखंडी स्क्रू फिरत असतो. त्या नालीवर झाकण हवे. पण सरकी अडकते, दर वेळी झाकण कोण उचलणार, म्हणून ते भिंतीला टेकवलेले. त्याच्या आडोशाला मजुरांच्या चपला. उघड्या नालीच्या काठावर सुमनअक्का दिवसभर वाकून सांडलेली सरकी झाडूने लोटत असे. तिच्या पदराचे टोक आणि तो फिरता स्क्रू यांच्यात जेमतेम वीतभर हवा. 

हंगाम सुरू होताना मालकांच्या केबिनमध्ये बसलो. त्यांना सगळे नाना म्हणतात. तपासणी किती दिवसांनी करायची, एवढेच ठरवायचे होते.

"दर आठवड्याला," मी म्हटले. "झाकणे रोज निघतात, नाना. निदान आठवड्याने तरी पाहायला नको?"

"ताई, खंडेनवमीला एकूणएक बठ्ठी मशिनरी धुतो, शेंदूर लावतो, पूजा करतो. तीच आपली तपासणी."

"आणि मधे वर्षभर?"

"मधे दर शनिवारी नारळ असतो ना!"

ते थट्टा करत नव्हते. नारळ आठवड्याला आणि नजर वर्षाला… चहाच्या कपावर साय धरली होती, ती बाजूला सारून मी पुन्हा घासाघीस सुरू केली. शेवटी तीन महिन्यांवर तडजोड झाली. बाजारात भाव पाडावा तशी आम्ही एका बाईच्या जिवाची मुदत पाडली होती.

त्या शनिवारी सकाळी, मशीन सुरू होण्यापूर्वी, नालीच्या काठावर नारळ फुटला. आत काळपट पाणी, खोबऱ्यावर निळी बुरशी. आणि तो वास! गोडसर, तेलकट, घशाच्या मागे चिकटून बसणारा. उन्हात विसरलेल्या मांसासारखा.

नानांनी मात्र हात जोडले. "नासका निघाला! देवानं घेतला म्हणायचा."

सुमनअक्काने नाक मुरडले. "नाना, देवले नाक शे का नही?"

बाया फिसकन हसल्या. नाना म्हणाले, "अक्का, तोंड आवर."

पुढच्या शनिवारीही नासका. त्याच्या पुढच्याही. नारळवाला बदलला, तरी तेच. मग मीच जळगावहून दोन नारळ आणले – एकाच ढिगातले, कानाशी हलवून पाणी ऐकून घेतलेले. एक फाटकाशी फोडायला लावला. पांढराशुभ्र, गोड. दुसरा नालीशी फोडला आणि काळा चिकट रस काठावरून ओघळला. मी बाहेर जाऊन ओकले.

नाना हरखले होते. येणाऱ्या प्रत्येक व्यापाऱ्याला ते ती फुटकी कवड दाखवत. बुरशीला बोट लावून ते बोट कपाळाला लावत. मला त्या नारळाची किळस आली, की त्या आनंदाची… आजही सांगता येणार नाही. वर ते म्हणाले, "देव एवढा राजी आहे, ताई. तीन महिन्यांचं तरी काय काम? वर्षातून एकदा बस्स."

मी विरोध केला. त्यांनी मान हलवली आणि मोबाईल कानाला लावला.

त्यानंतरच्या बुधवारची दुपार. मशीन सुरू, हवेत रुईची धूळ बर्फासारखी तरंगत होती. नारळाचा वार नव्हता. आदला नारळ मी स्वतः लांब उकिरड्यावर टाकायला लावला होता, काठ फिनाईलने धुऊन घेतला होता. मी नालीच्या पलीकडे उभी होते. अक्का वाकलेली, पदर सुटून काठावर लोळत होता. मी ओरडले, पण त्या गोंगाटात माझा आवाज मलाच ऐकू आला नाही.

आणि तेवढ्यात तो वास आला. नालीतून, वाफेसारखा, एकदम. अक्का उमासा येऊन ताडकन सरळ झाली, मागे सरली, पदर ओढून तिने नाकाला लावला. हातातला झाडू गळून पडला – जिथे क्षणापूर्वी पदर होता, नेमका तिथे. स्क्रूने तो ओढला, पिळला आणि त्याचा भुगा केला.

मी धावत जाऊन मशीन बंद केले. शेजारच्या जिनिंग यंत्रावरच्या कोणालाही कसलाही वास आला नव्हता. नालीत कोरडी, स्वच्छ सरकी होती… मी ती ओंजळीत घेऊन हुंगली. काही नाही.

"पाहा," नाना म्हणाले, "देवानं वाचवलं!"

"मंग आते तुम्ही वाचाडा," अक्का म्हणाली.  "झाकण नही तं काम नही." बाकीच्या बायाही हात पुसून बाहेर जाऊन बसल्या.

संध्याकाळपर्यंत झाकण बोल्टने आवळले गेले. तपासणी दर शनिवारी, नारळाच्या आधी, हेही ठरले.

पहिल्या तपासणीनंतर त्याच जागी, झाकणाच्या कडेशी, नारळ फुटला. पांढरा. पाणी गोड. मी श्वास सोडला. नानांचा चेहरा मात्र उतरला. कवड उलटीपालटी करत ते पुटपुटले, "चांगला निघाला… देव रुसला की काय? ताई, एक वेळ झाकण काढून फोडून बघू का?"

तो वास कुठून येई आणि कुठे गेला, मला माहीत नाही. रसायनाच्या जाणत्यांना विचारले; त्यांनी कोंदट गोदामाचे कारण सांगितले. मग फाटकावरचा नारळ?  नानांच्या त्या प्रश्नाइतके घाणेरडे मात्र मी आयुष्यात दुसरे काही हुंगलेले नाही.

उत्तर अक्काने दिले. तिने नानांच्या हातातून खोबऱ्याचा तुकडा घेतला, पदर कमरेला खोचला, नालीच्या झाकणावर मांडी घालून बसली आणि सावकाश चावू लागली.

"आते काढा, नाना."