आमदारसाहेबांचा पीए

फुटबॉलचा वर्ल्ड कप जवळ यायला लागला तशी इथे आखातात आमच्या कन्सल्टन्सीत गोऱ्यांची भरती वाढली. त्यातच एक कॅनडाचे गृहस्थ आले. साठीच्या पुढचे, उंच, खांदे शेतकऱ्याचे. स्टेडियमभोवतीचे रस्ते कधी बंद ठेवायचे, यावर नगरपालिका, पोलीस आणि आम्ही यांच्यात बोलणी करणं हे त्यांचं काम. मी प्लॅनिंग इंजिनिअर, शेजारच्या टेबलावर. पहिल्याच आठवड्यात चहा पिताना ते सहज बोलून गेले, की दोन टर्म ते आपल्या प्रांताच्या विधानसभेत होते, कॉन्झर्वेटिव्ह पक्षाकडून. तिसऱ्यांदा पडले.

आपण ‘पूर्वी माझ्याकडे स्कूटर होती’ म्हणतो ना, त्या सुरात हे सांगितलं त्यांनी. माझं मात्र चहात लक्ष राहिलं नाही. लहानपणी नाशिकला आमदाराच्या बंगल्याबाहेर, वडिलांच्या बदलीच्या अर्जापायी, मी कितीतरी सकाळी प्लास्टिकच्या खुर्चीवर काढल्या आहेत. आतून पीए यायचा, खिशाला दोन पेनं, आणि म्हणायचा, “साहेब अंघोळीला गेलेत. कानावर घालतो.” आमदार आम्हाला कधी दिसला नाही. पण त्या पीएचा रुबाब माझ्या डोक्यात घर करून बसला होता.

मी त्यांना खोदून खोदून विचारायला लागलो. गव्हाची शेती, मग गावच्या शाळेच्या समितीवर, मग आमदारकी. सरकारने कर कमी घ्यावा आणि उधारीवर काही बांधू नये, एवढंच त्यांचं राजकारण. दर शनिवारी गावातल्या बर्फाच्या हॉकी मैदानाच्या कॅन्टीनमध्ये बसायचे. कुणीही यावं, गाऱ्हाणं सांगावं. पुढे पक्षाने खर्च आवरायला छोटी हॉस्पिटलं बंद केली, त्यात त्यांच्याच भागातलं एक होतं. यांनी बाजूने मत दिलं आणि मग घरोघर जाऊन तसं सांगून आले.

“एका बाईने तोंडावर दार लावलं,” ते म्हणाले. “एका म्हाताऱ्याने कॉफी पाजली आणि मत दिलं नाही.”

“मग पीएला पाठवायचं ना.”

“मत मी दिलं होतं,” ते म्हणाले. त्यांना माझा प्रश्नच कळला नसावा.

मी हे सगळं इथल्या मराठी मंडळाच्या पुढच्या कार्यक्रमात तिखटमीठ लावून सांगितलं. आमच्या ऑफिसात आमदार आहेत आणि माझ्याशिवाय त्यांचं पान हलत नाही, असा साधारण मथितार्थ. झालं. दर शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, अल गराफ्यातल्या माझ्या घरी नजम्यातल्या कामगारांच्या खोल्यांतून माणसं यायला लागली. कुणाला खोली बदलून हवी, कुणाला ओव्हरटाइम. मी लेंगा-झब्बा घालून सोफ्यावर बसायचो आणि सगळं ऐकून म्हणायचो, “साहेबांच्या कानावर घालतो.” बायको आतून ओरडायची, “अहो पीए, दूध संपलंय, ते पण कानावर घाला.”

साहेबांच्या कानावर मी एक अक्षर घातलं नाही. त्यांना यातलं काही माहीतच नव्हतं.

त्या माणसांत आमच्या साइटच्या बसचा ड्रायव्हर होता, लातूरकडचा. धाकट्या बहिणीचं लग्न ठरत होतं. वर्ल्ड कपपायी कंपनी सुट्ट्या बंद करणार अशी कुणकुण होती, आणि त्याला जायचं होतं. वडिलांना एका बाजूने अर्धांगवायू. लग्नात बाप म्हणून उभं राहायला तोच.

“बापू विचारायलेत, तारीख धरावी का? तुम्ही हो म्हणलाव तर धरतेत.”

मी सोफ्यावर जरा मागे रेललो. “झालंच समजा.”

तो माझ्या पाया पडायला वाकला. मी पडू दिलं. हे लिहितानाही कान गरम होतात.

पुढच्या शुक्रवारी तो आला, त्याच्या पुढच्याही आला. “काय म्हणले साहेब?” “बघतायत.” तोवर सुट्ट्या बंद झाल्या. तरी तो निर्धास्त होता. त्याचं काम खुद्द आमदाराकडे होतं ना.

एका सकाळी ऑफिसच्या लिफ्टपाशी त्याने कॅनडाच्या साहेबांना गाठलं. मी मागेच होतो. “सर, थँक यू. सिस्टर मॅरेज. लीव्ह.”

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. “कसली लीव्ह?”

मी दोन भाषांत एकाच वेळी गडबडलो. साहेबांनी मला गप्प केलं, त्यालाच एकेक शब्द विचारून सगळं काढून घेतलं आणि सरळ एचआरमध्ये गेले. मी आणि तो लिफ्टपाशी उभे. तो मला म्हणाला, “आता होतंय बगा.”

साहेब परत आले. “त्याला सांग, जमत नाही. ज्यांनी आधी अर्ज केला त्यांच्या जागी बदली ड्रायव्हर घेऊन झालेत. मागच्या महिन्यात अर्ज आला असता तर याच्याही जागी घेतला असता, असं म्हणतात. मला वाईट वाटतं.”

हे मराठीत सांगायचं काम माझं. मी सांगितलं; मागच्या महिन्याचं तेवढं गाळलं. पण साहेब त्याच्याकडे बघून बोटाने हवेत कॅलेंडर मागे नेत म्हणाले, “लास्ट मंथ. यू अंडरस्टँड?” त्याला तेवढं इंग्रजी येत होतं.

“म्हणजे तुम्ही बोललावच नव्हतं?” त्याने मला विचारलं. आवाज चढवला नाही. बसची वेळ झाली होती, तो गेला. त्या दिवसापासून साहेब चहा एकटेच प्यायला लागले.

लग्न शुक्रवारी होतं. मी पेढ्यांचा बॉक्स घेऊन नजम्याला त्याच्या खोलीवर गेलो. बंक बेडवर सहा-सात जण दाटीने बसलेले, भिंतीला टेकवून ठेवलेल्या फोनमध्ये मांडव. तो नवा शर्ट घालून समोर. मला बघून उठला, जागा करून दिली. “बसा की, साहेब.”

मंगलाष्टकं झाली. फोनवर त्याचे वडील आले, खुर्चीत एका अंगाला कललेले. जड जिभेने त्यांनी काही विचारलं. त्याने फोन माझ्याकडे दिला. “बापूंना बोलायचंय.”

“तुम्हीच का ते साहेबांचे पीए?” म्हातारा एकेक शब्द ओढत म्हणाला. “पोरगं सांगत होतं, लई खटपट केली म्हणे तुम्ही. न्हाई जमलं तर न्हाई जमलं. उपकार आहेत.”

मी ड्रायव्हरकडे पाहिलं. तो पेढ्यांचा बॉक्स उघडून एकेकाला देत होता. माझ्याकडे बघत नव्हता.

“नमस्कार,” मी म्हणालो. म्हातारा तिकडून वाट बघत होता, आवाज पोचत नसेल असं वाटून “हॅलो, हॅलो” करत होता.

“बापू, मी बोललोच नव्हतो,” मी शेवटी म्हणालो. “साहेबांना मी सांगितलंच नाही.”

मांडवात वाजंत्री सुरू झाली होती. “काय म्हणलाव?” त्यांनी विचारलं. खोलीतल्या सगळ्यांनी मात्र ऐकलं होतं. मी फोन तोंडाजवळ नेला आणि तेच पुन्हा, मोठ्याने सांगितलं.