तात्यांच्या विमानातला फणस

तात्या परबांचा एक किस्सा सांगायला घ्यावा, तर मागून चार धावत येतात! तात्या म्हणजे लालबागच्या आमच्या चाळीतले, गिरणीतले फिटर. संयुक्त महाराष्ट्रासाठी मोर्चे निघत होते, त्या वर्षांत हे गृहस्थ सहा सीटांचं विमान बनवत होते. हसू नका. आम्हीही आधी हसलोच होतो.

*

डिझाइनला एवढा मोठा कागद आणायचा कुठून? तात्यांनी गॅलरीतच खडूने अख्खा पंख काढला, पहिल्या खोलीपासून सातव्या खोलीपर्यंत! पंधरा दिवस आम्ही कठड्याला चिकटून चालत होतो. काकू, म्हणजे त्यांची बायको, म्हणायच्या, "मेले तरी ह्यांच्या विमानात बसायची नाही!" पण त्या पंधरा दिवसांत त्यांनी गॅलरी एकदाही धुतली नाही.

*

सांगाडा उभा राहिला पटांगणात, आमचा गणपती बसतो त्याच जागेवर. म्हणून नियम एकच, चपला काढल्याशिवाय हात लावायचा नाही. तपासणीला सरकारी साहेब आले. त्यांची सही नाही, तर आठ वर्षांची मेहनत भंगारात!

तात्या म्हणाले, "साहेब, बूट!"

"मी विमानं तपासतो, देवळं नाही!" साहेब लांबूनच बघून निघून गेले. तरी तात्या हटले नाहीत. मानलं बुवा!

*

मग साहेबांनी कागद मागवले. "प्रवाशाचं वजन एवढं जास्त का धरलंय?"

"कोकणातून परत येणारा माणूस धरलाय, साहेब. त्याच्या मांडीवर फणस असतो!"

*

शेवटची परीक्षा पंखाची. साहेब पुन्हा आले, पण बूट घालून लांब पायरीपाशीच उभे राहिले. उडताना हवा पंखाला खालून रेटते, म्हणून तो लाकडी घोड्यांवर उलटा ठेवून वर वाळूच्या गोण्या रचायच्या. तात्या म्हणाले, "विमानात काय वाळू बसणार आहे?" ठरलं, चाळीतली माणसंच बसवायची. आणि नेमके आदल्या दिवशी सगळे गडी सत्याग्रहात पकडले गेले! तात्या विमानापाशी आणि मी तापाने घरी, एवढेच उरलो. तात्यांचा चेहरा पार पडला. मला रडूच आलं.

काकूंनी पदर खोचला. "चला गो बायांनो!"

अनवाणी पायांनी बायका ओळीने पंखावर बसल्या, सगळ्यात पुढे काकू, शेवटी मी. पंख लवला, कुरकुरला. काकू तात्यांकडे बघत होत्या, तात्या पंखाकडे. टिकला!

"पुस्तकाप्रमाणे वजन पुरं झालं. पास!" साहेबांनी सहीला पेन काढलं.

"थांबा साहेब," तात्या म्हणाले, "फणसांचं वजन राहिलं. अजून एक माणूस हवा."

साहेबांनी चाळीकडे बघितलं. तात्यांना पंखाचं माप घ्यायचं होतं; वर बसायला दुसरं कोणीच उरलं नव्हतं. त्यांनी पेन खिशात ठेवलं, पायरीवर बसले आणि बुटाच्या नाड्या सोडायला लागले.