किल्लीवाल्याचं सोळावं वर्ष

किल्लीवाल्याला पन्नाशी उलटल्यावर सोळावं लागलं, आणि त्याला कारणीभूत त्याची भाची.

भाची चित्रकादंबरी काढत होती. सोळा वर्षांचा एक मुलगा, तेवढीच एक मुलगी, बागेतलं बाक आणि पानगळ. आधी मैत्री, मग प्रेम, शेवटी ताटातूट. समोर बसायला तिनं कॉलेजातली दोन पोरं धरून आणली होती, पण ती खरोखरच प्रेमात पडली आणि यायचीच बंद झाली. मग तिला मामा आठवला.

"मामा, तू हलत नाहीस," ती म्हणाली. खरंच होतं ते. किल्ली घासताना हात जरा हलला तर कुणाचं तरी घर उघडत नाही, म्हणून मामा जन्मभर न हलता जगला होता. लग्नाच्या बाबतीतही तो जागचा हलला नव्हता.

"अगं, पण माझं टक्कल?"

"केस मी काढते. तू फक्त मान दे."

मुलगी म्हणून तिनं शेजारच्या चष्मेवाल्या बाईंना विचारलं, आणि तिथेच पंचाईत होती. मामाच्या दुकानावर पत्र्याची भलीमोठी किल्ली टांगलेली होती. रस्त्यावरून पाहिलं की ती बाईंच्या पाटीवरच्या पत्र्याच्या चष्म्याची एक काच झाकायची. "एका काचेचा चष्मा बघून गिऱ्हाईक येईल का?" असं बाईंनी विचारलं होतं. मामा म्हणाला, "गिऱ्हाइकाला नीट दिसत असतं तर ते तुमच्याकडे कशाला आलं असतं?" तेव्हापासून अबोला. बाई काळ्याच्या पांढऱ्या झाल्या, मामाचं तर काळंपांढरं काहीच उरलं नाही, तरी अबोला ठणठणीत होता.

पण बाई तयार झाल्या. "सोळा वर्षांची व्हायला मिळत असेल तर शेजारी कोण बसलंय ते मी बघणार नाही," असं त्यांनी भाचीला सांगितलं.

भाचीनं मात्र आळसात इतके दिवस घालवले होते की बागेतलं झाड पार उघडं पडलं होतं. "मग शेवट आधी काढू," ती म्हणाली. "माणसं कशीही लहान करता येतात. झाडाचं तसं नाही, ते मला समोरच लागतं."

म्हणून पहिल्या दिवशी ताटातूट झाली. दोघं पाठीला पाठ लावून, चेहरे कोरे करून बसली. भाची खूश. एवढ्या वर्षांचा सराव वाया कसा जाईल? त्यानंतरचं भांडणही चुटकीसरशी जमलं.

मग हातात हात आला. सगळी दुपार गेली. मान अवघडली, तळवा घामेजला, आणि मामाला घरी जावंसं वाटेना.

पुढे, म्हणजे मागे, मैत्रीची पानं होती. त्यासाठी झाडावर पानं हवीत म्हणून मामा शिडीवर चढून पडलेली पानं दोऱ्यानं फांद्यांना बांधू लागला आणि बाई खालून एकेक पान देऊ लागल्या. माळी आला, बराच वेळ बघत राहिला. "ही परत पडली तर मी झाडणार नाही," एवढं बोलून गेला. पानं देताघेता बोलावंच लागलं. आपल्या चष्म्याला नंबरच नाही, धंद्यासाठी घालते, असं बाईंनी सांगितलं. आपल्या घराला कुलूपच नाही, असं मामानं सांगितलं. दोघं इतकी हसली की भाची ओरडली, "हलू नका."

आता राहिलं पुस्तकाचं पहिलं चित्र. मुलगी बाकावर बसलेल्या मुलाला विचारते, "नवीन आहेस का इथे?" तो म्हणतो, "हो, आजच आलो."

हे झालं की बाक रिकामं आणि पुन्हा दोन दुकानांमधल्या भिंतीच्या अलीकडे एक, पलीकडे एक. मामाला भीती वाटली. आणि जन्मभर न हललेला माणूस हलायला लागला. त्याला शिंका येऊ लागल्या, पायाला मुंग्या येऊ लागल्या, नसलेल्या केसांत हात जाऊ लागला.

"मामा, तू हिला कधी पाहिलेलं नाहीस. चेहरा कोरा ठेव."

तोच जमेना. शेवटी भाची वैतागली. "राहू दे. ताटातुटीतला चेहरा वापरते, तो छान कोरा आहे." तिनं कागद गुंडाळले आणि म्हणाली, "झालं. सुटलात दोघं."

दोघं आपापल्या दुकानाकडे निघाली. बाई पुढे, मामा मागे, पूर्वी चालायची तशीच. बाईंनी दार उघडलं, आत गेल्या, मागे वळून पाहिलं नाही.

मामा रस्त्यातूनच मागे फिरला. मग बागेतली शिडी घेऊन आला, वर चढला आणि पत्र्याची किल्ली खिळ्यावरून उतरवू लागला. गंजलेला खिळा करकरला तशा बाई बाहेर आल्या. त्यांनी वर पाहिलं. पाटीवरच्या चष्म्याच्या दोन्ही काचा मोकळ्या झाल्या होत्या आणि शिडीवर किल्ली कवटाळून एक टक्कल थरथरत होतं.

बाईंनी आपला बिननंबरी चष्मा काढून हातात घेतला.

"नवीन आहात का इथे?" त्यांनी विचारलं.

मामानं किल्ली शिडीच्या पायरीवर टेकवली.

"हो," तो म्हणाला. "आजच आलो."