नातीची शाखा मी निवडली होती

मंडळी, आज सकाळी नातीला, मुक्ताला घेऊन वारज्याहून वाघोलीच्या एका नर्सिंग कॉलेजात गेलो होतो. तिला चार वर्षांचं बी.एस्सी. नर्सिंग करायचं होतं.

खिडकीतल्या बाईंनी गुणपत्रिका पाहिली. "बारावी आर्ट्स? बी.एस्सी.ला सायन्स लागतं, आजोबा. हिला जीएनएम मिळेल, तीन वर्षांचा डिप्लोमा. पदवी हवी तर पुढे आणखी दोन वर्षं. अकरावीला सल्ला कुणाचा घेतला होता?"

सल्ला माझाच होता.

दहावीला तिला विज्ञानात उत्तम गुण होते, तिला तेच हवं होतं. पण ती क्रमिक पुस्तकातल्या कविता अशा म्हणायची, की साठ वर्षांपूर्वी मी ज्यात शिकलो तो वर्ग डोळ्यांपुढे पुन्हा भरायचा. म्हणून मी हट्टाने तिला आर्ट्सला घातलं.

मुक्ताने डिप्लोमाचा अर्ज भरला. मी म्हटलं, "अगं, आजारी माणसालाही कविता लागतेच."

"आबा, मला त्यांना सलाईन लावायचंय."

परतीच्या बसमध्ये माझ्या शेजारची जागा रिकामी होती. ती पुढे जाऊन बसली.

तुमच्या घरी मुलांची शाखा कोण निवडतं? माझ्यासारखा कुणी हौशी म्हातारा निवडत असेल, तर त्याला वेळीच गप्प करा.