तीन खेकड्यांचा फरक

मंगळवार होता. नाशिकच्या द्वारका चौकात रिक्षा अडकलेली, मांडीवर तपासायच्या पेपरांचा गठ्ठा. हरसूलहून सोमादादांचा फोन आला. "मॅडम, जुळलं! सरांचा आकडा अन् आपली मोजणी, फरक फक्त तीन खेकड्यांचा!"

सर म्हणजे अनिल, माझा नवरा. आम्ही दोघंही गणित शिकवणारे. हरसूलच्या ओहोळांतले खेकडे ऋतूंप्रमाणे कसे वाढतात-घटतात, याचं मॉडेल त्याने केलं. या पावसाळ्याचा अंदाज लिहून ठेवला आणि चैत्रात गेला. तो अंदाज चुकला असता, तर त्याचं सहा वर्षांचं काम बाद झालं असतं. त्या सहा वर्षांत आकड्यांपेक्षा किस्सेच जास्त जमले!

मॉडेल कम्प्युटरवर पहिल्यांदा चालवलं, तर एप्रिलला खेकडे शून्य. ओहोळ आटला, खेकडे मेले, असं समीकरण म्हणत होतं. आमची मोजणी करणारे सोमादादा म्हणाले, "मेले नाय सर, बिळात गेलेत. तुमच्या कम्प्युटरात बीळ हाय का?"

नव्हतं. घातलं!

मग उत्तर आलं, चौरस मीटरला पॉइंट चार खेकडा. अर्धासुद्धा नाही! सोमादादा गंभीरपणे म्हणाले, "म्हंजे नुसत्या नांग्याच का?"

मी हिवाळ्याचं वेगळं समीकरण लिहीत बसले होते. सोमादादा डोकावले. "मॅडम, खेकड्याला दोनच ऋतू. पाणी हाय, पाणी नाय." माझी चार पानं फुकट!

एकदा मोजलेला खेकडा ओळखू यावा म्हणून आम्ही त्याच्या पाठीवर माझं लाल नेलपॉलिश लावायचो. एकदा आठवडे बाजारात गेलो, तर एका मावशींच्या पाटीत आमचेच खेकडे! मावशी ओरडत होत्या, "नटलेले हायेत, नटलेले! या लवकर!"

अनिलने तिथेच वही काढली आणि मॉडेलमध्ये नवा ऋतू घातला: बाजारवार.

यंदा जुळलेला तो निकाल मांडायला नाशिकच्या एका परिषदेत मी सोमादादांना स्टेजवर शेजारी बसवलं. 'हे मॉडेल एक पावसाळासुद्धा टिकणार नाही,' असं अनिलला सुनावणारे तज्ज्ञ पहिल्याच रांगेत होते. ते हसत सोमादादांना म्हणाले, "काय हो, तुम्हाला हे समीकरण कळतं का?"

सोमादादांनी माईक जवळ ओढला.

"नाय साहेब. तुम्हाला खेकडा धरता येतो का?"

पुढच्या पावसाळ्याचा आकडा आता अनिलशिवाय मलाच काढायचा आहे. अजून काढलेला नाही.